पाचपैकी पावणेदोन

वृंदा टिपणीसनं मयेकरकाकांच्या लेखाला पाचपैकी पावणेदोन गुण दिले, ही बातमी खुद्द वृंदाला सगळ्यात शेवटी कळली. कॉलेजला निघताना ती स्कूटरची किल्ली शोधत होती, तेवढ्यात 'पाणवठ्या'वरच्या कुणा आगाऊ सभासदाचा निरोप आला. 'लिटमसबाई, कमाल आहे तुमची! काकांनाही सोडलं नाहीत!' काय सोडलं नाही हे बघायला तिनं काकांचा लेख उघडला आणि दाद देणाऱ्यांच्या नावांत आपलं नाव शोधलं. नावापुढं आकडा होता १.७५. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आकडा जागचा हलला नव्हता.

बरं, तो तिनं हातानं दिलेला असता तर बोट चुकलं म्हणून सारवासारव करता आली असती. पण पाणवठ्यावर गेल्या आठवड्यापासून हातानं गुण द्यायची सोयच उरली नव्हती. गुण मनगटावरची पट्टी देत होती. लेख संपल्यावर खाली उमटणारा आकडा पाचच असणार, म्हणून वृंदानं तो रविवारी बघितलाही नव्हता. आणि पट्टी आणा, पट्टी आणा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडली होती ती वृंदाच.

पाणवठा म्हणजे मराठीत हौसेनं लिहिणाऱ्यांचं संकेतस्थळ. कुणी प्रवासवर्णनं लिहितं, कुणी कविता पाडतं, कुणी सासूची गाऱ्हाणी ललितलेख म्हणून खपवतं. सभासद एकमेकांचं वाचतात आणि पाचपैकी गुण देतात. त्या गुणांना तिथं 'दाद' म्हणायचं. दाद नावानिशी द्यायची, म्हणजे कुणी किती दिली ते लेखकाला दिसतं, हा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. लपूनछपून दगड मारायचे नाहीत, असा त्यामागचा शुद्ध हेतू. झालं भलतंच. तू मला पाच दे, मी तुला पाच देतो. पोह्यात बटाटा घालावा की नाही यावरून ज्याच्याशी वाजलं, त्याच्या कवितेला एक. कंपू झाले, कंपूंचे उपकंपू झाले, आणि पाणवठ्याच्या दिवाळी अंकाला निवडलेलं साहित्य वाचून बाहेरचे लोक हसायला लागले.

आणखी एक रिवाज होता गाळणीचा. लेख सगळ्यांपुढं ठेवण्याआधी भरवशाच्या एका माणसाला कच्चा दाखवायचा. तो माणूस म्हणजे गाळणी. त्यानं खडे काढायचे, पाल्हाळ छाटायचा, ऱ्हस्वदीर्घ बघायचं आणि त्याची वाच्यता कुठंही करायची नाही. कोण कुणाची गाळणी, हे विचारणं पाणवठ्यावर असभ्य समजलं जाई.

वृंदा ही मयेकरकाकांची गाळणी होती. नऊ वर्षं.

वसंत मयेकर आयुष्यभर दीपगृहांवर नोकरी करून वेंगुर्ल्याला स्थायिक झालेले. समुद्रातल्या एका खडकावरच्या दीपगृहात तर त्यांनी कितीतरी पावसाळे काढले. काकू गेल्या, मुलगा मस्कतला. मग माणसांशी बोलायचं राहिलेलं सगळं ते लिहायला लागले. दर शनिवारी वृंदाकडं कच्चा लेख यायचा, ती तो गाळून परत पाठवायची, आणि रविवारी तो पाणवठ्यावर झळकला की सगळ्यात आधी त्याला पाच गुण द्यायची. पाच गुण ती उगाच कुणाला देत नसे. नाशकातल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात तिचा जन्म गेला होता. सख्ख्या भाचीला तिनं अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, म्हणून तिची बहीण एक दिवाळी तिच्याशी बोलली नव्हती. पाणवठ्यावर तिनं घेतलेलं नावच 'लिटमस'. लिटमसची दाद म्हणजे खरी दाद, असं तिचे शत्रूही मानत. काका तर म्हणत, "बाई, बाकीच्यांचे पाच म्हणजे लग्नातला आहेर. तुमचे पाच म्हणजे पगार."

आणि त्याच बाईंनी पावणेदोन दिले होते.

पट्टीचं शास्त्र तिला पाठ होतं. पाणवठ्याचा कारभार बघणाऱ्या यशोधन राजहंसनं पुण्याच्या संमेलनात ते समजावून सांगितलं, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होती. वाचताना आपले डोळे ओळीवरून घसरत नाहीत, उड्या मारत जातात. मन कुठं अडकलं की उडी चुकते, नजर मागं फिरते, बुबुळातली बाहुली किंचित मोठी होते. मनगटाला आपल्याला कळणारही नाही इतका घाम सुटतो आणि त्या ओलाव्यामुळं त्वचेतून वीज जराशी सहज वाहते. फोनचा कॅमेरा डोळे टिपतो, पट्टी त्वचा आणि नाडी टिपते. कुणी मुळात रडका असतो, कुणी मुळात थंड. म्हणून प्रत्येकाला आधी अनोळखी लेखकांचे काही उतारे वाचायला देऊन त्याचं स्वतःचं माप ठरवून घेतात.

"पण खरी मेख पुढं आहे," राजहंस म्हणाला होता. "लेखकाचं नाव दिसलं की मजकूर वाचायच्या आधीच शरीरात एक लाट उठते. प्रेमाची म्हणा, रागाची म्हणा. पट्टी ती लाट वेगळी मोजते आणि नंतरच्या सगळ्यातून वजा करते. उरतो तो निव्वळ मजकुराचा परिणाम. मैत्री गेली, दुष्मनी गेली."

"आम्ही प्रयोगात नुसत्या पाण्याचं ब्लँक रीडिंग वजा करतो, तसंच की!" वृंदा जागेवरून ओरडली होती, आणि मतदानाच्या वेळी तिनं दोन्ही हात वर केले होते.

आता ती स्कूटरची किल्ली हातात धरून दारातच काकांना फोन लावत होती.

काकांचा फोन दुपारपर्यंत लागला नाही. लागला तेव्हा उलट काकांनीच तिची समजूत घालायला घेतली.

"मनाला लावून घेऊ नका, बाई. माझी काहीसुद्धा तक्रार नाही."

"काका, अहो काहीतरी गडबड आहे. मला लेख आवडला होता."

"नऊ वर्षं तुम्ही माझं मन राखलंत, तेच पुष्कळ झालं."

"मन नाही राखलं! मी कुणाचं मन राखते का? भाचीला विचारा माझ्या."

"ते खरं," काका म्हणाले. "पण यंत्र तरी खोटं कशाला बोलेल? त्याला काय माझी भीड आहे?"

हेच वाक्य तिनं संमेलनात जवळजवळ याच शब्दांत टाळ्या घेत म्हटलं होतं. तिनं विचारलं, "शनिवारी पाठवणार ना?" काका म्हणाले, "बघू. माडांना खत घालायचं राहिलंय." काका चिडले असते, दोन शब्द बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिनं पट्टीनं आजवर आपल्या नावानं दिलेले सगळे गुण काढून बघितले, आणि डोक्याचं पार भजं झालं. 'कोरांटी' नावाची एक सभासद होती. तिच्यात आणि वृंदात वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. त्या कोरांटीच्या लोणच्यावरच्या लेखाला वृंदाच्या पट्टीनं जवळजवळ साडेचार दिले होते. वृंदानं लेख पुन्हा आठवून बघितला. चांगला होता, नाही कोण म्हणतंय? पण कोरांटीला साडेचार आणि काकांना पावणेदोन, हे आपल्या आत कुठं लिहिलेलं होतं? आणि आत लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नसेल, तर आपण इतकी वर्षं न्यायनिवाडे कसले करत होतो?

पहिलं वाचन बिघडलं, दूध उतू गेलं किंवा कुणी दार वाजवलं, तर एकदा फेरवाचन करायची मुभा होती. वृंदानं ती वापरायचं ठरवलं आणि जन्मात केली नव्हती ती लबाडी केली. पाणवठ्यावर कुजबूज होती की तिखट खाऊन वाचलं तर घाम सुटतो आणि गुण वाढतात. तिनं भाकरीच्या तुकड्यावर ठेच्याचा गोळा घेतला, डोळे मिटून गिळला, आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना काकांचा लेख पहिल्यापासून वाचायला घेतला. वाचून झाल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. 'वाचकास शारीरिक त्रास होत असल्याने हे वाचन बाद. आधीची दाद कायम.'

तिचा नवरा शशांक पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "एकदा ही पट्टी घालून माझा उपमा खाऊन बघ," तो म्हणाला. "मलाही कळू दे." मग स्वतःच जरा विचार करून म्हणाला, "नको. राहू दे."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिला रडू आलं, आणि ते ठेच्याचं आहे असं तिनं सांगितलं.

शनिवारी कच्चा लेख आला नाही. तिनं राजहंसला फोन लावला. राजहंस सभ्य माणूस, त्यानं सगळं ऐकून घेतलं. यंत्र ठीक आहे, तुमचं माप ठीक आहे, बाकीच्या लेखांचे गुण ठीक आहेत, असं एकेक करून सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, असं असू शकेल की तुम्हाला मयेकरकाका आवडतात. त्यांचं लिखाण नाही. नाव वजा झालं आणि मागं काही उरलंच नाही."

माणूस आवडतो आणि त्याचं लिखाण आवडत नाही, असं असतं? असत असेल. मग नऊ वर्षं आपल्याला जे वाटत होतं, ते काय होतं? तिनं पट्टी काढून ठेवली आणि काकांचे जुने लेख उघडून बसली. भरतीच्या रात्री भिंतीवर आपटणारे मासे, कंदिलाची काच पुसताना गायलेली गाणी. एकेक वाक्य तिला पाठ होतं. पुढं कुठला शब्द येणार हे डोळ्यांना आधीच ठाऊक होतं, ते नुसते घसरत गेले. छातीत काही हललं नाही, अंगावर काटा आला नाही. राजहंसचं म्हणणं खरं असावं, असं तिला पहिल्यांदा वाटलं आणि ती घाबरली.

उलगडा झाला तो वर्गात, आणि तोही तिची फजिती होऊन. अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात तांबडा लिटमस बुडवला की निळा होतो, हे दाखवायचं होतं. तिनं तांबडी पट्टी बुडवली, ती निळी झाली. तेवढ्यात मागून मुलं येऊन पोचली, म्हणून तिनं पुन्हा करून दाखवायला घेतलं आणि आपल्याच तंद्रीत टेबलावरची ती निळी झालेली पट्टी उचलून बुडवली. काहीच झालं नाही. निळी होती, निळीच राहिली.

"मॅडम, यात अल्कली नाहीये," कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

वृंदाही हसत मान हलवून सांगायला लागली, "अल्कली आहे रे, कागद आधीच निळा झालाय, आता तो काय आणखी—" आणि तिथंच थांबली. हातातल्या पट्टीकडं बघताना तिला मनगटावरची पट्टी आठवली. तास संपायच्या आत तिनं वर्ग सोडून दिला. तिच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं.

"राजहंस, तुमची पट्टी नक्की कशाला दाद देते?" तिनं जिन्यातूनच फोन लावला.

"म्हणजे?"

"वाचताना मेंदू काय करत असतो? पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत असतो. बरोबर? अंदाजापेक्षा वेगळं काही आलं की बाहुली मोठी होते, नाडी अडखळते. तुम्ही ती अडखळ मोजता. आणि जे मी आधी वाचलंय, नुसतं वाचलंय नाही, शब्दन् शब्द तपासलंय, त्यात मला अडखळायला होईलच कसं?"

"पण मॅडम, तुम्ही आधी कुठं वाचलंत? लेख रविवारी—" राजहंस बोलता बोलता थांबला.

"मी त्यांची गाळणी आहे," वृंदा म्हणाली. नऊ वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. "तुमची गाळणी कोण?"

राजहंसनं घसा खाकरला. "माझा भाऊ."

"किती दिले त्यानं तुम्हाला?"

राजहंस बारीक आवाजात म्हणाला, "दीड. आम्ही परवापासून बोलत नाही आहोत."

दोनतीन दिवसांत पाणवठ्यावर हलकल्लोळ माजला. एकेक जण चाचरत कबूल करायला लागला, आणि सगळीकडं तेच. ज्यानं लेख सगळ्यात मन लावून वाचला होता, त्याचेच गुण सगळ्यात कमी. जिवलग मित्रांनी अबोला धरलेला, एका जोडप्यानं वेगवेगळ्या खोल्यांत जेवण सुरू केलेलं. पट्टी लबाड नव्हती. तिला पहिलं वाचन हवं होतं, आणि या लोकांनी ते आधीच एकमेकांच्या घरी खर्चून टाकलं होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी अमुक वजा करायचं, तमुक वजा करायचं, सगळा विचार केला. प्रसिद्ध होण्याआधी एखादी गोष्ट कुणी प्रेमानं वाचून ठेवलेली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. राजहंसनं नियम काढला. गाळणीनं आपलं नाव जाहीर करायचं आणि त्या लेखाला दाद द्यायची नाही. एकतर गाळा, नाहीतर गुण द्या.

वृंदानं सगळं काकांना फोनवर समजावून सांगितलं. लिटमसच्या कागदासकट. तिला वाटलं होतं, काका सुटकेचा निःश्वास टाकतील. काका विचार करत होते.

"म्हणजे पावणेदोनाला काही अर्थ नाही," ते म्हणाले.

"काडीचाही नाही."

"मग बाई, पाचाला तरी काय अर्थ होता?"

"म्हणजे?"

"पट्टीला तुमचं पहिलं वाचन बघायलाच मिळालं नाही. ते तुम्ही शनिवारी करत होता, हातात तांबडं पेन घेऊन. रविवारी पाच देत होता ते गाळलेल्याला. माझ्या लिखाणाला तुम्ही किती देता, ते अजून कुणालाच माहीत नाही. मला नाही आणि तुम्हालाही नाही."

"असं काही नसतं हो, काका," वृंदा म्हणाली. पण कसं असतं, ते तिला सांगता येईना. काकांनीही विषय वाढवला नाही. शनिवारी पाठवतो म्हणाले.

शनिवारी लेख आला नाही. रविवारी सकाळी वृंदा चहा घेऊन गच्चीत बसली, पट्टी मनगटावर होतीच, आणि फोन उघडला तर पाणवठ्यावर काकांचा नवा लेख. 'सुकूरची होडी'. खाली नव्या नियमाप्रमाणे एक ओळ होती, 'गाळणी: कुणी नाही.'

तिनं चहा खाली ठेवला. काकांनी काय केलं, ते तिला लख्ख कळलं. त्यांना तिचं पहिलं वाचन हवं होतं, न गाळलेल्याचं. पट्टी काढून वाचावं, असं एकदा मनात आलं. पण पट्टी काढली तर तेही लेखकाला दिसतं, आणि त्याचा अर्थ काका एकच लावणार. न वाचणं तर त्याहून वाईट. कमी गुण पडले तर काका पुन्हा लिहिणार नाहीत, हे तिला माहीत होतं, माडांना काय वर्षभर खत घालता येतं. आणि जास्त पडले तर ते खरे असतील का, हे तिला माहीत नव्हतं. ती वाचायला लागली.

सुकूर हा खडकावरच्या दीपगृहाला शिधा पोचवणारा होडीवाला. एका पावसाळ्यात समुद्र असा खवळला की खडकाला होडी लावणंच अशक्य झालं. आत चौघं माणसं, डाळतांदूळ संपत आलेले. तरी सुकूर रोज यायचा. शिधा देता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी यायचा. लांबून खडकाला एक फेरी मारायचा, होडीत उभा राहून हात हलवायचा आणि परत जायचा. चौघंही त्या वेळी गॅलरीत येऊन उभे राहायचे. बोलणं ऐकू जात नसे, तोंड दिसत नसे. एक दिवस काकांना ताप होता, ते उठले नाहीत, तर सुकूर तिघांना बघून जाईना. चौथा दिसेपर्यंत तो लाटांत घिरट्या घालत राहिला. शेवटी काकांना धरून बाहेर आणलं, त्यांनी हात वर केला, आणि मग होडी वळली.

वृंदाची नजर मागं फिरली. तिनं तो परिच्छेद पुन्हा वाचला. पट्टी काय करते आहे, याचा तिला विसर पडला.

आणि मग शेवट आला. काकांनी लिहिलं होतं की माणुसकी हाच खरा दीपस्तंभ आहे. जीवनाच्या अथांग, अफाट, अनंत सागरात आपणही कुणाचे तरी सुकूर व्हायला हवे. त्यानंतर आणखी दोन परिच्छेद हेच. वृंदाचे दात करकरले. तिचा हात आपोआप पेन शोधायला लागला. नऊ वर्षं ती असल्या शेवटांवर रेघ मारत आली होती. होडी वळली, इथं लेख संपायला हवा होता, आणि तिच्या हाताखालून गेला असता तर तो तिथंच संपला असता आणि तिनं त्याला पाच दिले असते. कुणाला दिले असते? काकांच्या होडीला की आपल्या रेघेला? सख्ख्या भाचीला अर्धा गुण न देणारी बाई नऊ वर्षं आपलाच पेपर तपासत होती की काय?

लेख संपला. आता खाली आकडा उमटणार, हे ओळखून तिनं फोन चटकन पालथा घातला.

आधी स्वतःला विचारायचं होतं. आवडला का? मधे जे झालं ते खरं होतं, शेवटी जे झालं तेही खरं होतं. दोन्हींची बेरीज करून भागायचं कशानं, ते तिला कळत नव्हतं. आकडा बघितला असता तर सगळं सोपं झालं असतं. आपल्याला तेच वाटत होतं, असं पाच मिनिटांत वाटायला लागलं असतं.

पालथा फोन वाजला. तिनं पडद्याकडं न बघताच तो उचलून कानाला लावला.

"वाचलात?" काकांनी विचारलं.

"वाचला."

"मग?" काका तिच्याशी नेहमी पुस्तकी बोलत, बाई म्हणून. आज ते सुटलं. "खरा सांगा. आवाडलो काय नाय?"

नऊ वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. ती रेघा मारायची, ते त्या मान्य करायचे, आणि रविवारी पाच गुण.

"नाही आवडला," वृंदा म्हणाली. "सुकूर फार आवडला, काका. मी दोनदा वाचला तो. पण लेख नाही आवडला. होडी वळल्यावर तुम्ही मला वर्गात बसवलंत."

पलीकडं कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"ह्या तुमची पट्टी सांगता, काय तुमी सांगतास?"

"मी सांगतेय. आकडा मी बघितलेलाच नाही."

"मी बघितलंय," काका म्हणाले.

"किती आहे?"

पलीकडं काकांनी कोंबड्यांना हुसकावलं.

"काका, किती दिलेत मी?"

"मग आता मी कोणाचा आयकू?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात हसू होतं की आणखी काही, ते तिला अखेरपर्यंत कळलं नाही. "तुमचा काय तुमच्या पट्टीचा?"

म्हणजे दोन्हींत फरक होता. वृंदानं पट्टीकडं बघितलं. तिच्याच मनगटावर, तिच्याच घामाचं माप घेऊन, ती काहीतरी वेगळं सांगून मोकळी झाली होती. खरं कोण बोलत होतं, कोण जाणे. पण विचारणाऱ्याला उत्तर आत्ता हवं होतं.

"माझं ऐका," ती म्हणाली.

"बरां," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

तिनं घाईघाईनं पाणवठा उघडला. लेखाच्या जागी एकच ओळ होती, 'लेखकाने हे लेखन मागे घेतले आहे.' लेखाबरोबर त्याची दादही पुसली जाते, हा तिथला नियम. ती त्या ओळीकडं बघत असतानाच काकांचा निरोप आला. 'सुकूरची होडी', सगळीच्या सगळी, कच्ची, अथांग अफाट अनंत सागरासकट. तिनं पट्टी काढून बशीत ठेवली आणि आतून पेन आणायला उठली.

पुढच्या रविवारी लेख पुन्हा लागला. 'गाळणी: लिटमस', त्यामुळं तिला गुण देता आले नाहीत. होडी वळते तिथंच तो संपत होता. बाकीच्यांनी साधारण साडेतीन दिले, कोरांटीनं चार.

तो आकडा किती होता, ते वृंदाला अजून माहीत नाही. फोनवर बोलता बोलता मधेच ती विचारते. काका म्हणतात, "तुमी काय म्हणालास ता माका आठावता. यंत्र काय म्हणाला ता मी इसारलंय." वृंदाचा यावर अजिबात विश्वास नाही.